पॉइंट काढून केलेली सोय

बुधवार, १५ मार्च

भावजी,

काल, मंगळवार १४ मार्च रोजी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, नदीवरच्या लांब पुलाच्या ऐन मधोमध माझी गाडी बंद पडली. खोकली नाही, अडखळली नाही. फुंकर मारून दिवा विझवावा तशी विझली. मागे ट्रक होता. त्याने वेळेवर ब्रेक लावला म्हणून हे पत्र मी लिहिते आहे, नाहीतर माझ्याबद्दल दुसऱ्या कुणीतरी चार ओळी लिहिल्या असत्या.

पत्राच्या आरंभी 'सप्रेम' लिहायची रीत आहे. ती मी विसरलेले नाही, गाळली आहे.

फोन का केला नाही असं विचारू नका. मी कामाचं बोलायला लागले की तुम्ही 'हॅलो, हॅलो, आवाज येत नाही' सुरू करता. माझा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. लाइन कधी खराब असते आणि माणूस कधी, हे मला कळतं.

आता गाडीचं. तुमच्या दादांनी ही गाडी शेवटपर्यंत पॉइंटवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या जुन्या धातूच्या टोकांवरच ठेवली. पॉइंट काळे पडले की ते डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून घासत, पट्टी घालून फट मोजत, आणि मी टॉर्च धरून उभी राहत असे. ते गेल्यापासून घासायचं काम माझं आणि टॉर्च दाताखाली. तक्रार कुणाचीच नव्हती, गाडीची तर नाहीच. फेब्रुवारीत तुम्ही ती सर्व्हिसिंगला म्हणून नेलीत आणि मला न विचारता पॉइंट, कंडेन्सर सगळं उपटून त्या जागी इलेक्ट्रॉनिक डबी बसवलीत. परत देताना काय म्हणालात, आठवतं? "तुमच्या पोराच्या सांगण्यावरून एक सोय करून ठेवलीय, वहिनी. आता बघायला नको." ती सोय काल मी पुलावर बघितली.

ट्रकवाला खाली उतरून म्हणाला, "आजी, झेपत नाही तर घरी बसावं." मी म्हटलं, "बाबा, तुझा ट्रक माझ्या डिकीत बसायला आला होता, आधी त्याला घरी बसव." मग बॉनेट उघडलं. जेवणाची पिशवी उन्हात तापू नये म्हणून बाहेर काढून कठड्याच्या सावलीत ठेवली, वायरी हलवून पाहिल्या, पिशवी पुन्हा शेजारच्या सीटपुढे नेऊन घट्ट टेकवली, किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू! जणू काही झालंच नाही. ट्रकवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तुमच्या हिशेबी जमा करते आहे.

ही डबी काढा आणि माझे पॉइंट मला परत बसवून द्या. कधी, ते कळवा.

तुमची वहिनी


रविवार, १९ मार्च

वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या दोनदा अक्षरच इतकं सुंदर वाटलं की शिव्या दिसल्या नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये मन लावून शिकवलंय.

तुम्ही ज्याला डबी म्हणता ती मी माझ्या स्वतःच्या गाडीला लावली आहे, गिऱ्हाइकांच्या कितीतरी गाड्यांना लावली आहे. पॉइंट म्हणजे दोन धातू दिवसभर एकमेकांवर आपटणार, घासणार, जळणार. आपल्या दोघांसारखे. फट बदलली की ठिणगीची वेळ बदलली, की गाडी पेट्रोल प्यायला लागली. डबीत लोहचुंबक फिरतं, कशाला काही लागत नाही, झिजायचा प्रश्न नाही. रोज वापरायची जुनी गाडी असेल तर याहून शहाणपणाचं काम नाही. दादा असता तर त्याने विरोध केला असता, कारण दादा होता. पण चालवून पाहिल्यावर गप्प बसला असता.

आता मी विचारतो. इंजिन बंद ठेवून, किल्ली चालू करून रेडिओ ऐकत बसता का? तसं केलंत तर ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल तापते आणि डबी जळते. मी सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नसेल. गाडी थोडी थांबली की सुरू झाली ना? मग हा उष्णतेचा दोष आहे. लांब जाऊ नका. बाजार, वाचनालय, दवाखाना सगळं तुमच्या घराजवळ आहे. पुलापलीकडे तुमचं काय काम? तिकडे आईचा वृद्धाश्रम सोडला तर दगडाच्या खाणी आहेत.

आणि राग नसावा, पण दिवाणखान्यातल्या गप्पांत जे कुणी बोलत नाही ते लिहितो. मागच्या वर्षी मी शेजारी बसलेलो असताना तुम्ही लाल दिवा ओलांडलात. माझ्या गॅरेजच्या फाटकाचा खांब अजून वाकडा आहे. तुमचं वय आता शेजारच्या सीटवर बसायचं आहे.

तुमचा धाकटा दीर


बुधवार, २२ मार्च

भावजी,

माझं वय कुठल्या सीटवर बसायचं आहे ते गाडीची मालकीण ठरवेल. ती मी आहे.

दिवा पिवळा होता. तो लाल झाला तेव्हा तुम्ही माझ्या कानाशी 'थांबा, थांबा, अहो थांबा' असं किंचाळत होतात, त्यामुळे माझा पाय दचकला. खांबाबद्दल: तो खांब मी धडकण्याआधीपासून वाकडा होता. तुम्ही स्वतःच तो रिव्हर्स घेताना वाकवला होता, आणि जाऊबाईंनी ते मला सांगितलं आहे. त्यांना त्रास देऊ नका, त्या खरं बोलल्या आहेत.

रेडिओ बिघडून जमाना झाला. तुम्ही सर्व्हिसिंग केलंत म्हणता, मग रेडिओच्या जागी भोक आहे हे तुम्हाला दिसलं नाही?

उष्णतेचं म्हणाल, तर काल दुपारी तीनला, भर उन्हात, गाडी अंगणात चालू करून ठेवली आणि शेजारी खुर्ची टाकून विणत बसले. एक पूर्ण बाही विणून झाली. बॉनेटला हात लाववत नव्हता. गाडी बंद पडली नाही. आमच्या विज्ञानाच्या सिस्टर सांगायच्या, ज्याला तुम्ही कारण म्हणता ते असतानाही परिणाम झाला नाही, तर ते कारण नव्हे, ती सबब. हे तुम्हाला शिकवायला तुमच्या शाळेत कुणी नव्हतं, त्याबद्दल सहानुभूती आहे.

आज सकाळी पुलाच्या अलीकडे, गतिरोधकावर, पुन्हा विझली. मी पिशवी सावरली, देवाचं नाव न घेता तुमचं घेतलं, आणि ती सुरू झाली.

पुलापलीकडे माझं काय काम, हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क नाही. उत्तर तुम्हाला माहीत असायला हवं होतं.

पॉइंट कधी बसवताय?

वहिनी


शनिवार, २५ मार्च

वहिनींना नमस्कार.

पॉइंट मी बसवणार नाही. चांगलं काम उलटं करत बसायला मला वेळ नाही आणि जुने पॉइंट भंगारात गेले.

तुमचा चिरंजीव मे महिन्यात रजेवर येतो आहे. तो आला की सगळे बसून बोलू. तोवर गाडी कमीत कमी काढा. ती आता म्हातारी झाली आहे, एक दिवस कायमची बसेल, आणि तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नये एवढंच म्हणतो. गिऱ्हाईक माझ्याकडे आहे, जुन्या गाड्या जमवणारा. सांभाळून ठेवेल.

तुमच्या जाऊबाईंनी खांबाबद्दल असं काही सांगितलेलं नाही असं त्या म्हणतात.

तुमचा दीर


गुरुवार, ६ एप्रिल

भावजी,

पहिल्यांदा माफी मागते. तुमची नव्हे, डबीची.

तुम्ही नकार दिल्यावर मी बाजारामागच्या मेकॅनिककडून नवे पॉइंट आणि कंडेन्सर बसवून घेतले. फट मी स्वतः मोजली, कारण तो गप्पा मारत मोजत होता. डबी काढताना तो हळहळला. "बाई, वस्तू एक नंबर आहे. वायरिंगसुद्धा स्वच्छ आहे. का काढताय?" मी म्हटलं, "बसवणाऱ्याचा राग आहे." तो म्हणाला, "मग बसवणाऱ्याला काढा." त्याच दिवशी मी पॉइंटवर गाडी घेऊन निघाले आणि पुलाच्या उतारावर ती तशीच विझली. शब्दाचा फरक नाही, आवाजाचा फरक नाही. म्हणजे डबी निर्दोष होती. तिच्यावर मी जे आरोप केले ते सगळे मागे घेते.

मग मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. एक्स्चेंजमध्ये लाइन मेली की आम्ही उपकरणाला शिव्या देत बसत नसू, वायर धरून मागे जात असू. गाडी उतारावर कडेला घेतली आणि टेस्टलॅम्प कॉइलवर टेकवला. किल्ली चालू, आणि दिवा लागत नाही. म्हणजे किल्लीकडून कॉइलपर्यंत वीज पोहोचतच नव्हती. अशा वेळी पॉइंट असोत, डबी असो, वरून खुद्द वीज कंपनीचा साहेब येवो, ठिणगी पडणार कुठून?

कॉइलची वायर मागे शोधत गेले. किल्लीकडून सरळ येण्याऐवजी ती वाट वाकडी करून शेजारच्या सीटकडे गेली होती. नवी वायर, तपकिरी, सुंदर टेप गुंडाळलेली. टेप तुमच्या हाताची आहे; शेवट दुमडून चिकटवायची सवय दादांनी तुम्हाला लावली होती. पायाखालची चटई उचलली. खाली, पुढच्या भिंतीलगत, जुन्या गाड्यांत हेडलाइट खाली-वर करायला असायचं तसलं पायाचं बटण. एकदा दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की चालू. हेडलाइटशी त्याचा काही संबंध नाही. त्यातून फक्त माझी ठिणगी जाते.

आणि त्या बटणाच्या बरोब्बर मागे मी रोज जेवणाची पिशवी ठेवते. स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, थर्मास. ब्रेक दाबला, उतार लागला की पिशवी पुढे सरकते आणि बटणावर बसते. मी उचलून परत टेकवली की पुन्हा दाबतं. तुम्ही तुमच्या वहिनीला भर पुलावर बंद करायची कामगिरी एका डब्यावर सोपवली होती.

हे बटण कशासाठी? पोराने नक्की काय सांगितलं होतं? उत्तर येईपर्यंत मी गाडी काढणार नाही. त्याचे परिणाम कुणाच्या ताटात पडतील, ते तुमचे तुम्हाला कळतील.

वहिनी


रविवार, १६ एप्रिल

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. मध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, किंवा तुम्हीच ते घडवलंत.

वृद्धाश्रमातून फोन आला. आई जेवत नाही. दोन ताटं जमिनीवर, तिसरं सेविकेच्या अंगावर. मी गेलो. गेल्या गेल्या म्हणाली, "तू? महिना झाला का एवढ्यात?" मी म्हटलं, "आई, तुला भेटायला आलो." ती म्हणाली, "भेटून झालं असेल तर जा. ती कुठंय?" मी म्हटलं, कोण? "भांडखोर. मेली का? मेली असेल तर सांग, मी वाट बघत बसत नाही." मी घास भरवायला गेलो तर तोंड मिटून घेतलं. म्हणाली, "तुला भरवता येत नाही. तू गप्प राहतोस."

सेविकेला विचारलं. ती म्हणाली, "सूनबाई रोज साडेबाराला येतात. दोघींचं कडाक्याचं वाजतं. आजी म्हणतात मीठ नाही, त्या म्हणतात तुमच्या जिभेला चव नाही, आणि त्या नादात डबा संपतो. आम्ही मध्ये पडत नाही." रोज, वहिनी? मला वाटलं होतं तुम्ही सणावारी जाता. मला कुणी सांगितलं नाही.

बटणाचं सांगतो. चिरंजीवाचा जानेवारीत फोन आला. लाल दिव्याचं मीच त्याच्या कानावर घातलं होतं. तो म्हणाला, "काका, आई ऐकणार नाही. काहीतरी सोय करा. मी रजेवर आलो की बटण दाबीन, गाडी सुरू होणार नाही, तुम्ही येऊन सांगा की इंजिन गेलं. ती गाडीवर रागावेल, आपल्यावर नाही." इलेक्ट्रॉनिक डबी हे त्याला निमित्त होतं, ती मात्र मी मनापासून बसवली. बटण कुठे लपवायचं याचा मी बराच विचार केला. शेवटी दादाच्या पायाखालची जागा निवडली. तो शेवटी शेवटी तिथे बसायचा, त्याच्यानंतर तिथे कुणी बसत नाही, कुणाचा पाय जाणार नाही, चालत्या गाडीत ते कधी दाबलं जाणार नाही असा हिशेब होता. पिशवीचा हिशेब नव्हता. तिथे पिशवी असते हे मला ठाऊक असायला तुमचं रोजचं जाणं ठाऊक असायला हवं होतं.

पुलावर जे झालं ते माझ्या हातून झालं. पण पोराला शब्द दिला आहे, त्याला विचारल्याशिवाय बटण काढणार नाही. आणि तुम्ही गाडी चालवू नये हे माझं मत पुलामुळे बदललेलं नाही. आईला भरवायला एखादी बाई ठेवू. भांडणारी मिळाली तर उत्तमच. आता एवढ्यावर मिटवू.

तुमचा दीर


मंगळवार, १८ एप्रिल

भावजी,

मिटवायला हे काय टेबलावर सांडलेलं पाणी आहे, फडकं फिरवलं की झालं?

'सोय' हा शब्द तुम्ही काका-पुतण्यांनी किती सहज वापरलात. सोय करतात ती पाहुण्याची: पाणी, अंथरूण, खुंटीवर टॉवेल. म्हातारीची सोय लावतात, म्हणजे तिची अडचण दूर करतात; अडचण तीच असते. फेब्रुवारीत तुमच्या तोंडून 'केली' ऐकलं म्हणून मी पाहुणी समजले स्वतःला. तुम्ही 'लावली' म्हणाला असतात तर मी त्याच दिवशी चटई उचलली असती.

चिरंजीवाला मी वेगळं लिहिलं आहे. त्यात काय आहे ते त्यालाच कळू द्या. फक्त एक वाक्य तुमच्यासाठी उतरवते: 'मी गाडीवर रागवावं आणि तुझ्यावर नाही, एवढा विचार तू केलास, तर मला सरळ विचारण्याचा विचार त्याच्या आधी का आला नाही?'

'मला कुणी सांगितलं नाही' असं लिहिताना तुमचं पेन कसं अडलं नाही? आई तुमच्या आहेत. पुलापलीकडे खाणी सोडून काय आहे ते तुम्हीच मला लिहून कळवलंत, आणि त्याच पत्रात विचारलंत की तिकडे माझं काय काम. त्या मला आल्या आल्या 'आज उशीर' म्हणतात, आणि मी लवकर गेले तर 'घरी काम नाही वाटतं' म्हणतात. गेली चार वर्षं आम्ही दोघी एकमेकींना एक चांगला शब्द बोललेलो नाही, आणि त्यांचं वजन कमी झालेलं नाही. त्यासाठी बाई ठेवता येत नाही. बाईला नोकरीवरून काढायची भीती असते. ती आईंना उलट बोलणार नाही, आणि कुणी उलट बोललं नाही की आई तोंड मिटतात. हे तुम्ही तिथे जाऊन स्वतः पाहिलंत.

टॅक्सीवाले वृद्धाश्रमाच्या टेकडीवर येत नाहीत, परतीचं भाडं मिळत नाही म्हणून. बस सकाळी जाते आणि संध्याकाळी येते. गेले काही दिवस मी एका दूधवाल्याच्या टेम्पोत, कॅनच्या मधे बसून जाते आहे, कारण उपाशी आई आणि माझा तुमच्यावरचा राग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेम्पो फार दिवस मिळणार नाही. त्याचा रस्ता बदलतो आहे.

तेव्हा आता निवड तुमची. एक तर तुम्ही स्वतः या, स्वतः बसवलेलं बटण स्वतःच्या हाताने काढा, इच्छा असेल तर ती इलेक्ट्रॉनिक डबीही परत बसवा (तिच्याशी माझं भांडण नाही, उलट तिची गैरसोय झाली), आणि मग शेजारच्या सीटवर बसा. मी गाडी टेकडीपर्यंत नेईन आणि परत आणीन. वाटेत सगळे दिवे लागतात, पूल लागतो, गतिरोधक लागतात. किंचाळायचं नाही. मी गाडी चालवायला लायक नाही असं तरीही तुमचं मत झालं, तर ते माझ्या समोर, पेन उचलून लिहा. किल्ली मी तिथल्या तिथे तुमच्या हातात देईन. देईन म्हणजे देईन, माझा शब्द तुमच्या शब्दासारखा चटईखाली नसतो. पण ते लिहिलंत की दुसऱ्या दिवसापासून साडेबाराचा डबा तुमचा. गॅरेज बंद करून, रोज. आणि भांडायला शिका.

यातलं काहीच करायचं नसेल तर तेही कळवा. मग शनिवारी सकाळी मी आईंना त्यांच्या गाठोड्यासकट तुमच्या घरी पोहोचवायला निघेन. त्यांना यायचंच आहे; माझ्याशी भांडून झालं की त्या तुमच्या घराबद्दलच विचारतात. पुढच्या सीटवर बसतील. पाय लांब करून बसायची त्यांना सवय आहे. बटण मी काढणार नाही आणि त्यांना पाय आखडायलाही सांगणार नाही. तुम्हाला वाट बघायची असेल तर पुलाच्या मधोमध उभे राहा. गाडी तिथेच बंद पडते.

शुक्रवार, २१ एप्रिल, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तुमचं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन उचलला जाणार नाही, जाऊबाईंच्या तोंडी निरोप घेतला जाणार नाही. लेखी हवं, तुमच्या अक्षरात, खाली तुमची सही. 'बघू' हे उत्तर धरलं जाणार नाही.

वहिनी